काठावर बसून कपडे सांभाळू नका

*"ताई, माझं वय ३९, मुलगी ११ वर्षांची. आमच्या घरात बायका अंगभर कपड्यांत वावरतात, परक्या पुरुषासमोर ओल्या अंगाने येत नाहीत. हे कुणी सांगावं लागत नाही, पाळलं जातं. खरं सांगते, मला ते जाचक वाटत नाही, मला तसंच बरं वाटतं. आता जवळच्या तलावावर फक्त बायका-मुलींची बॅच सुरू होते आहे, शिकवायलाही बाईच. मुलगी हट्टाला पेटली आहे. सासूबाई म्हणतात, पोरीला शिकव, पण तू या वयात कशाला शोभा करून घेतेस? यांची हरकत नाही, 'पोशाखाचं काय ते तू बघ' म्हणतात, म्हणजे हरकत आहे. धाकटी जाऊ म्हणते, बायकांची वेगळी बॅच मागणं हाच मुळात मागासलेपणा. मी ठरवलं होतं की मुलीला शिकू द्यावं आणि आपण काठावर बसून तिचे कपडे सांभाळावेत. तर परवा झोपताना तिने विचारलं, 'आई, मी शिकले आणि तू बुडायला लागलीस, तर मी काय करायचं?' मला उत्तर देता आलं नाही. मी उतरू का पाण्यात? पाळी, केस, कपडे, लाज, सगळं एकदमच डोक्यात येतं. – काठावरची"*

काठावरची,

उतरा. मुलीच्याच बॅचमध्ये, तिच्याच दिवशी नाव घाला. दोघींचे कपडे सांभाळायला एक पिशवी आणि कुलूप पुरतं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं: 'मला तसंच बरं वाटतं.' हे मोकळेपणी लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण सल्ला देणारे नेमके इथेच घसरतात. काहीजण म्हणतात, आधी लाज सोड, मग शीक. काहीजण म्हणतात, लाज वाटते ना, मग राहू दे. लाज असू दे आणि शीक, असं सांगणारं सहसा कुणी भेटत नाही. मी तेच सांगणार आहे, फक्त मध्ये एका ठिकाणी तुमच्याशी थोडी भांडणार आहे.

सासूबाईंचं आधी घेते. 'या वयात' हा त्यांचा मुद्दा. जगभरात वर्षाला सुमारे तीन लाख माणसं बुडून मरतात (हा २०२१ चा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेचा) आणि त्यांत पुरुष बायकांच्या जवळपास दुप्पट असतात. पुरुष पाण्यावर जास्त जातात, जास्त धाडस करतात, दारू पिऊन उतरतात. हा आकडा ऐकून सासूबाई म्हणतील, बघ, आपण घरात असतो तेच बरं. पण पाणी जेव्हा घरी येतं तेव्हा हिशेब उलटतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅम या मदतसंस्थेने मार्च २००५ मध्ये एक टिपण काढलं. तमिळनाडूतल्या कडलूर जिल्ह्यात त्या लाटेत १४६ पुरुष गेले आणि ३९१ बायका. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात ज्या गावांची पाहणी झाली, तिथेही वाचलेल्यांत पुरुष कितीतरी जास्त होते. त्यामागची कारणं वाचून मला कसंतरीच झालं होतं. बायका मुलांना शोधायला मागे थांबल्या होत्या, आणि पोहणं, झाडावर चढणं या गोष्टी मुलग्यांना लहानपणीच येतात, मुलींना कुणी शिकवलेल्या नसतात. तेव्हा सासूबाईंशी वयावर वाद घालू नका. एवढंच म्हणा, 'पोर पाण्यात पडली तर मी काठावर थांबेन असं वाटतं का तुम्हाला?' आईला पोहता येत नसलं तरी आई उडी मारते, हे त्यांनाही ठाऊक आहे. मग एकाच्या जागी दोघी जातात.

आता जाऊबाई. मागासलेपणाबद्दल त्यांना एक जुनी गोष्ट सांगा. बायकांच्या पोहण्याच्या शर्यती ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा झाल्या १९१२ साली, स्टॉकहोमला. १०० मीटर जिंकली ऑस्ट्रेलियाची फॅनी ड्युरॅक, दुसरी आली तिचीच मैत्रीण मिना वायली. या दोघी जवळपास घरीच राहणार होत्या, कारण त्यांच्या प्रांतातल्या महिला जलतरण संघटनेचा नियम होता की पुरुष बघत असतील तिथे बायकांनी शर्यतीत उतरायचं नाही. आणि त्या नियमाच्या बाजूने ठाम उभ्या होत्या संघटनेच्या अध्यक्ष रोझ स्कॉट, म्हणजे बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून आयुष्य घालवलेली बाई! शेवटी सभासदांनी नियम बाजूला सारला, पोरी गेल्या आणि जिंकल्या, स्कॉटबाईंनी राजीनामा दिला. मला या गोष्टीत दोन्ही बाजू आवडतात. संकोच हा काही अडाणी बायकांचाच नसतो, हे त्यातून कळतं. आणि या दोघी सराव कुठे करायच्या? सिडनीच्या कूजी भागात समुद्राच्या खडकांत बांधलेला फक्त बायका-मुलांसाठीचा एक तलाव आहे, मॅकायव्हर्स नावाचा, तिथेही त्या पोहत. तो एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि आजही बायकांचाच आहे. १९९५ मध्ये भेदभावविरोधी कायद्यातून त्याला मुद्दाम सूट मिळाली. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवरही असं एक बायकांचं तळं आहे. तिथे जाणाऱ्या सगळ्याच काही पदर डोक्यावर घेणाऱ्या नसतात.

जाऊबाईंचं एक मात्र मान्य करायला हवं. वेगळ्या बॅचच्या नावाखाली बायकांना बऱ्याचदा उरलंसुरलं दिलं जातं. भलती वेळ, फक्त उथळ बाजू, अर्धा तास कमी, आणि शिकवणं म्हणजे 'चला, सगळ्याजणी दांडी धरून पाय मारा'. असं असेल तर मात्र भांडा, हक्काने भांडा.

मी स्वतः ४७ व्या वर्षी शिकले. त्याआधी एकदा, ४५ व्या वर्षी, 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी बघून नाव घातलं होतं. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत, आणि आम्ही नऊ जणी गळ्यापर्यंत पाण्यात असताना एक गृहस्थ गळ्यात शिट्टी अडकवून आले. 'आज मी घेतो.' बाहेर यावं तर ते समोर उभे, आत राहावं तर ते शिकवणार. आम्ही हाताची घडी घालून तशाच उभ्या राहिलो, अर्धा तास, थंडीने दात वाजेपर्यंत. पाचजणी पुन्हा फिरकल्या नाहीत. मी दोन वर्षं फिरकले नाही. ते गृहस्थ बिचारे सज्जन होते, आमच्यापेक्षा तेच जास्त गोरेमोरे झाले होते. पाटी लिहिणाऱ्याने पाटीपुढचा विचार केला नव्हता, इतकंच.

म्हणून पैसे भरण्याआधी एकदा रिकाम्या वेळी तलावावर जाऊन या आणि तोंडावर विचारा: बाई आल्या नाहीत तर काय? योग्य उत्तर एकच, 'त्या दिवशी बॅच होणार नाही, आधी कळवू.' तलावाच्या पाण्यात उभं राहिल्यावर कुठल्या इमारतीच्या गच्च्या आणि खिडक्या दिसतात ते बघा, कारण जी खिडकी तुम्हाला दिसते तिला तुम्ही दिसता. कॅमेरे असतील तर त्यांची चित्रं कोण बघतं ते विचारा. पंप चालवणारा, फरशी पुसणारा, तिकिटं फाडणारा त्या तासात कुठे असतो? मोबाइल आत नेता येतो का? (येत असेल तर बॅच फक्त बायकांची असून काही उपयोग नाही. फोटो सगळ्यांचा असतो.) आणि एक प्रश्न बायकाच विसरतात: सोबत आणलेला मुलगा किती वर्षांपर्यंत चालेल? ही मर्यादा लेखी नसेल तर महिनाभरात कुणीतरी तेरा वर्षांच्या 'लहान' मुलाला घेऊन येतं आणि मग रुसवेफुगवे.

या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न जीवरक्षकाचा आहे, आणि इथे मी थोडी कडक होणार आहे. शिकवणाऱ्या बाई म्हणजे जीवरक्षक नव्हे. त्या एकीचा हात धरून तिला तरंगवत असतात तेव्हा त्यांची पाठ बाकी आठजणींकडे असते. नुसतं बघत बसणारं दुसरं माणूस लागतं. काही ठिकाणी बाई जीवरक्षक मिळत नाही म्हणून पुरुष जीवरक्षकाला पडद्याबाहेर बसवतात, 'ओरडलात की येईल' म्हणून. हे चालवून घेऊ नका. बुडणारं माणूस ओरडत नाही. न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावरचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी १९७० च्या सुमारास खऱ्या बुडणाऱ्यांचं चित्रण करून हे बारकाईने पाहिलं. तोंड पाण्याच्या वर येतं ते जेमतेम श्वास घेण्यापुरतं, त्यात हाक मारायला दम उरत नाही. हात मदतीसाठी हलत नाहीत, आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. आणि हे सगळं २० ते ६० सेकंदांत आटोपतं. शेजारच्या बाईला वाटतं, ही पाण्यात उभी राहून खेळते आहे. तेव्हा पडदा हवा तो बाहेरच्या जगाला. पाण्यावर ज्याची नजर हवी त्याच्या डोळ्यांपुढे पडदा लावायचा नाही. बाई जीवरक्षक मिळेपर्यंत बॅच लांबली तर लांबू दे. व्यवस्थापनाकडे सगळ्याजणींनी मिळून तीच एक मागणी लावून धरा. आणि त्यातूनही कधी प्रसंग आला आणि धावून येणारा पुरुष असला, तर त्या क्षणी तो फक्त दोन हात असतो. हे घरच्यांना आजच बोलून ठेवा, नंतर कुणी भुवया उंचावायला नकोत.

कपडे. तुमच्या यजमानांनी तो विषय तुमच्यावर ढकलला ते एका परीने बरंच झालं, आता तुम्हीच ठरवा. मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारे आणि डोकंही झाकणारे पोहण्याचे पोशाख मिळतात. अहेदा झनेट्टी या ऑस्ट्रेलियातल्या बाईंनी २००४ मध्ये 'बुर्किनी' तयार केली, आणि आता तसे कपडे सगळ्याच धर्मांच्या बायका घालतात, काही निव्वळ ऊन लागू नये म्हणून. आफ्रिकेजवळच्या झांझिबारमध्ये पांजे नावाचा एक प्रकल्प आहे. पांजे म्हणजे तिथल्या भाषेत मोठा मासा. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या त्या बेटावर मुलींना पोहायला येत नव्हतं, कारण पोहायचं तर अंग दिसणार. मग त्यांना असे पूर्ण पोशाख दिले, शिकवायला बायका तयार केल्या आणि मुली पाण्यात उतरल्या.

मुद्दा किती झाकायचं हा नाहीच, कापड कुठलं हा आहे. नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये ताणणारा धागा असलेलं, अंगासरशी बसणारं कापड घ्या. अंगासरशी बसलं की आकार दिसतो अशी अडचण वाटत असेल तर त्यावर त्याच कापडाचा मांडीपर्यंतचा अंगरखा येतो. सुती सलवार-कुर्ता मात्र शिकताना नको. सुती कापड पाणी पितं, फुगतं, हातापायांना ओढतं, आणि पाण्यातून बाहेर येताना असं जड होतं की जिना चढताना कुणी मागून धरून ठेवल्यासारखं वाटतं. शिवाय ओलं सुती कापड अंगाला चिकटून जे झाकायचं तेच दाखवतं, हे कुठल्याही बाईला वेगळं सांगायला नको. ओढणी, लोंबत्या नाड्या, डोक्याला टाचण्या, मोकळे लांब केस, यांतलं काहीही पाण्यात नको. तलावाच्या तळाच्या जाळीत पाणी खेचलं जातं, तिथे केस किंवा नाडी अडकून जीव गेलेले आहेत. केस बांधून टोपीत घालावेत. टोपीआधी साध्या पाण्याने भिजवून घेतले की ते क्लोरीनचं पाणी कमी शोषतात.

नवा पोशाख घरी न्हाणीघरात घालून एकदा पूर्ण भिजून बघा. कुठे वर सरकतो, कुठे पारदर्शक होतो, ते तिथेच कळेल. हे मी अनुभवाने सांगते, तपशील विचारू नका.

आणि आता ते भांडण, ज्याबद्दल सुरुवातीला म्हटलं.

तुम्ही पोशाख निवडाल, पडदे तपासाल, बाईंकडून शिकाल. पण पाण्यात पडण्याचा प्रसंग येईल तेव्हा अंगावर तो पोशाख नसेल. साडी असेल, सलवार असेल, पायात चप्पल असेल, खांद्याला पर्स असेल. म्हणून बॅच संपत येईल तेव्हा बाईंना सांगा की एक दिवस रोजच्या कपड्यांत पाण्यात उतरायचं आहे. उथळ बाजूला, त्या शेजारी असताना. कपडे धुतलेले, स्वच्छ असले की तलाववाल्यांनी नाही म्हणायचं कारण नाही. साडीत पाय वेगवेगळे मारताच येत नाहीत हे तुम्हाला पहिल्या मिनिटात कळेल. उताणं राहून हात कमरेपाशी वल्ह्यासारखे हलवत हळूहळू सरकावं लागतं. कपड्यात सुरुवातीला हवा अडकलेली असते, ती थोडा वेळ वर धरते. धडपड केली की ती निसटते. कपडे काढून टाकायची घाई करायची नसते, आधी उताणं व्हायचं. आणि साडी सुटली, पदर गेला, तर जाऊ द्यायचा. हे नुसतं वाचून पटत नाही, अंगाला एकदा सवय लागावी लागते. मी शिकलेल्या बायका पाहिल्या आहेत, ज्यांना तलावात चार फेऱ्या मारता येतात पण नावेतून पाय घसरून पडल्यावर पहिला हात पदराकडे जातो. तो हात पाण्याकडे जायला हवा. तुमच्या संकोचाला माझी हरकत नाही, पण तेवढं एक मिनिट तो बाजूला ठेवता यायला हवा, आणि त्याचीही तालीम करावी लागते.

शिकायचं काय, हे थोडक्यात. 'पाण्यात पडलं की पोहता येतं' ही म्हण कामधंद्यासाठी ठीक आहे, पाण्यासाठी शुद्ध खोटी. कुणी ढकलून शिकवायचं म्हणालं तर उठून घरी या. पहिले काही दिवस हातपाय मारणं बाजूला ठेवून श्वास शिका. तोंड पाण्यात घालून नाकाने 'हूं' असा आवाज काढत हवा सोडायची. आवाज चालू असेपर्यंत नाकात पाणी शिरत नाही, आणि नाकात पाणी शिरत नाही म्हटल्यावर निम्मी भीती जाते. मग उताणं तरंगणं. कान पाण्यात, हनुवटी वर, पोट वर, फुप्फुसं भरलेली. छातीत हवा असली की बहुतेक माणसं तरंगतात, आणि बायकांच्या अंगावर चरबी जास्त असल्याने त्यांना ते पुरुषांपेक्षा सोपं जातं. आयुष्यभर ज्या मांड्यांना नावं ठेवली त्या इथे उपयोगी पडतात. काहींना हे दुसऱ्या दिवशी जमतं, मला तीन आठवडे लागले. पाय खाली गेले तर जाऊ द्या, तोंड वर असलं की काम झालं.

त्यानंतर पालथं असताना उताणं वळणं. तरंगताना गुडघे पोटाशी घेऊन उभं राहणं. जागच्या जागी उभ्याने पोहणं. आणि जिन्याशिवाय काठावरून बाहेर येणं, जे सगळ्यांत कठीण आहे आणि कुणी शिकवतच नाही. एवढं आलं की मग हवं तर फ्रीस्टाइल शिका, बेडूकपोहणी शिका, शर्यती लावा. बाई पहिल्याच दिवशी हाताची वळणं शिकवायला लागल्या तर नम्रपणे थांबवा. आणि शिकवताना त्या पाठीखाली, पोटाखाली हात धरतील. बाई असल्या तरी 'आता हात लावते' असं आधी सांगायला हवं. मुलीला तर हे नक्की सांगून ठेवा की नको असेल तर नको म्हणायचं, तिथेही.

तलावात आलेलं नदीत जसंच्या तसं चालत नाही, हेही दोघींनी लक्षात ठेवा. तिथे तळ दिसत नाही, चिखल असतो, ओढ असते. जोरात वाहणारं पाणी सहा इंच खोल असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उचलतं. अचानक गार पाण्यात पडलं की पहिलं मिनिटभर धाप लागते, श्वास आवरत नाही. ते मिनिट पोहायचा प्रयत्न न करता उताणं पडून काढायचं.

पाळीचं. पाण्यात असताना दाबामुळे स्राव कमी होतो, थांबत नाही. पॅड पाण्यात फुगतो, त्याचा उपयोग नाही. टॅम्पून किंवा कप वापरत असाल तर खुशाल उतरा. वापरत नसाल तर त्यासाठी म्हणून सुरू करायची सक्ती नाही, चार दिवस काठावर बसा, तेवढ्याने शिकणं बुडत नाही. फक्त कारण सांगायला लाजून बॅचच सोडू नका. मुलीची पाळी अजून आली नसेल तर कधीही येईल, आणि पाण्यात आली तर काय या भीतीने अशा वयाच्या मुली गुपचूप पोहणं सोडतात. तुम्ही सोबत असलात तर तिला ते कुणापासून लपवावं लागणार नाही. ओल्या पोशाखात गप्पा मारत बसू नका, लगेच बदला, नाहीतर जांघेत खाज सुटते. फिट्स येत असतील, हृदयाचं किंवा दम्याचं काही असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि बाईंना सांगा.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रातला तोच खरा प्रश्न होता, बाकीचे तुम्ही त्याच्याभोवती रचलेत.

ऑगस्ट २०२० मध्ये तमिळनाडूतल्या पेरंबलूर जिल्ह्यात एका धरणावर चार तरुण पोरं पाण्यात बुडू लागली. जवळच तीन बायका होत्या. त्यांनी अंगावरच्या साड्या सोडल्या आणि पाण्यात फेकल्या. त्या धरून दोन पोरं बाहेर आली. दोघं मात्र गेली. पुढे राज्य सरकारने त्या तिघींचा सन्मान केला. मी ही गोष्ट सासूबाईंसाठी राखून ठेवायला सांगणार होते, पण नको, मुलीला सांगा. त्या तिघींपैकी कुणी साडी सोडण्यापूर्वी आजूबाजूला कोण आहे हे बघितलं असेल असं मला वाटत नाही, आणि बघितलं असेल तरी त्यांनी ती सोडली.

मुलीला द्यायचं उत्तर असं: तू पाण्यात यायचं नाहीस. कितीही छान पोहता येत असलं तरी नाही, कारण बुडणारं माणूस हाताला लागेल त्यावर चढतं, आणि आई ११ वर्षांच्या मुलीवर चढली तर दोघी खाली. तू आधी मोठ्याने हाक मारून मोठ्या माणसाला बोलवायचं. मग काठावर पालथं पडायचं, पाय पसरून, म्हणजे कुणी ओढलं तरी घसरणार नाहीस. मग ओढणी, दोरी, काठी, टॉवेल, जे असेल त्याचं एक टोक माझ्याकडे. रिकामा झाकणबंद डबा किंवा मोठी बाटली असेल तर तीही फेकायची. आणि माझ्याशी बोलत राहायचं, 'आई, उताणी हो, उताणी हो.' कारण तोपर्यंत मला उताणं होता येत असेल.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगू नये, पोट दाबून पाणी काढायला जाऊ नये, त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाते. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छाती दाबायची, दोन्ही आलटून पालटून, मदत येईपर्यंत. हे प्रशिक्षण तुमच्या बाईंना येत असेल, एक तास त्यासाठी मागून घ्या, आणि त्या दिवशी सासूबाईंनाही घेऊन जा. त्याला पाण्यात उतरावं लागत नाही.

बॅच सुरू व्हायला वेळ असेल तर ओढणीची तालीम घरीच करा. तुम्ही जमिनीवर चटई टाकून पडा, तिने पलंगाच्या कडेवर पालथं झोपून ओढणी फेकायची. नुसती ओढणी हवेत पसरते, लांब जात नाही. टोकाला गाठ मारली की जाते. पहिल्या दोन-तीन फेकी तुमच्या तोंडावर बसतील, तिला हसू येईल. हसू द्या आणि पुन्हा फेकायला सांगा.